धागा: पाळीच्या त्रासावर ‘मॅजिक मशरूम’च्या कॅप्सूल. खरं किती, धोका काय, त्याऐवजी काय?

सिद्धेश्वर_पेठ
शहरातल्या बायकांच्या तीन-चार व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एकच मेसेज फिरतोय. पाळीच्या आधीची चिडचिड, बाळंतपणानंतरचं नैराश्य, चाळिशीनंतरची झोपमोड, या सगळ्यावर म्हणे एकच उपाय: मशरूमचा ‘मायक्रोडोस’, म्हणजे रोज अगदी थोडी मात्रा. नैसर्गिक आहे, सवय लागत नाही, मेक्सिकोतल्या स्त्रिया शतकानुशतकं घेत आल्यात, भरपूर ‘डी’ जीवनसत्त्व मिळतं, वगैरे. खाली तीस कॅप्सूलच्या डबीचा फोटो आणि कुरिअरने घरपोच. जुळे सोलापूरपासून पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांपर्यंत हा मेसेज पोचलाय. डॉक्टर, फार्मसीवाले, वकील, मशरूमची शेती करणारे, सगळे इथे आहात. स्वतःचे अनुभव नकोत, नेमकी माहिती लिहा. हा धागा त्याच गटांवर पाठवायचा आहे.

औषधी_कपाट
आधी नीट वेगळं करू. ‘मॅजिक मशरूम’मधला भास निर्माण करणारा घटक सिलोसायबिन. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन यांनी तो मेक्सिकन मशरूममधून वेगळा काढला. पोटात गेल्यावर त्याचा फॉस्फेट गळतो आणि सिलोसिन तयार होतं. हे सिलोसिन मेंदूतल्या सेरोटोनिनच्या 5-एचटी-2ए नावाच्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसतं. परिणाम चार ते सहा तास टिकतो.

त्यावर गंभीर संशोधन चालू आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत २३३ रुग्ण होते, सगळे औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे. २५ मिलिग्रॅम, १० मिलिग्रॅम आणि १ मिलिग्रॅम असे तीन गट. तीन आठवड्यांनी २५ वाल्यांपैकी २९ टक्के नैराश्यातून बाहेर होते, १० वाल्यांत ९ टक्के आणि १ वाल्यांत ८ टक्के. बारा आठवड्यांनी सुधारणा टिकलेले २५ च्या गटात २० टक्केच उरले. डोकेदुखी, मळमळ, चक्कर असा काही ना काही त्रास ७७ टक्के लोकांना झाला, आणि आत्महत्येच्या विचारांची नोंद तिन्ही गटांत आहे.

आता मेसेजशी ताडून बघा. चाचणीतलं औषध प्रयोगशाळेत बनवलेलं, वजन ठरलेलं. ते एकदाच दिलं, पूर्ण वेळ प्रशिक्षित माणूस शेजारी बसून. रोज चिमूटभर घ्यायच्या कॅप्सूलला या चाचणीचा काडीचाही आधार नाही. उलट सर्वांत कमी, म्हणजे १ मिलिग्रॅमचा गट तुलनेसाठीच ठेवला होता. मायक्रोडोसवर २०२१ मध्ये १९१ जणांची एक चाचणी झाली. त्यात काहींच्या कॅप्सूल रिकाम्या होत्या आणि कोणाला काय मिळतंय हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. बरं दोन्हीकडच्यांना वाटलं, आणि सारखंच वाटलं.

सिद्धेश्वर_पेठ
पण बायकांच्या शरीरात वेगळं काही होतं का? मेसेजमध्ये ‘हार्मोन संतुलन’ हा शब्द चारदा आलाय.

वैशाखी (स्त्रीरोग)
होतं, आणि म्हणूनच जास्त जपायला हवं. इस्ट्रोजेन वाढलं की मेंदूत 5-एचटी-2ए ग्राहींची संख्या वाढते, हे प्राण्यांवरच्या अभ्यासांत दिसलंय. म्हणजे महिन्याच्या वेगवेगळ्या दिवशी तेवढ्याच कॅप्सूलचा परिणाम वेगळा होऊ शकतो. उलट दिशेनेही परिणाम होतो: २०२३ मध्ये तीन बायकांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या, त्यांत असे पदार्थ घेतल्यावर पाळीचं वेळापत्रक बदललं होतं. तीन नोंदी म्हणजे पुरावा नाही, इशारा आहे. पाळी पुढे-मागे झाली की गर्भधारणा आहे की नाही हे उशिरा कळतं आणि सुरक्षित दिवसांचं गणित कोसळतं. याला ‘हार्मोन संतुलन’ म्हणणं चूक.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना या चाचण्यांत घेतच नाहीत, सहभागी होणाऱ्यांना गर्भनिरोधक वापरायला लावतात. ‘बाळंतपणानंतर घ्या’ असं लिहिणाऱ्याने आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ मांडलाय.

मनपटल (मानसोपचार)
बाळंतपणाबद्दल मी लिहितो, कारण तिथे चूक सर्वांत महाग पडते.

बाळंतपणानंतर साधारण पहिल्या दोन आठवड्यांत काही बायकांना तीव्र मनोविकृती होते. झोप उडते, बोलणं सुसंगत राहत नाही, बाळाबद्दल विचित्र शंका येतात, आवाज ऐकू येतात. स्वतःला किंवा घरच्यांत कोणाला बायपोलर आजार असेल तर शक्यता बरीच वाढते. अशा मेंदूत भास निर्माण करणारा पदार्थ घालणं म्हणजे वणव्यात रॉकेल. चाचण्यांत ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे त्यांना आधीच वगळतात. कॅप्सूल विकणारा तेवढं विचारतो का?

नैराश्य ओळखायला एडिंबरा प्रश्नावली आहे, १९८७ पासून वापरात. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण. १३ किंवा जास्त आले तर त्याच आठवड्यात डॉक्टर. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्यात शून्याखेरीज काहीही आलं तर बाकीची बेरीज विसरा, त्याच दिवशी दाखवा. सासूबाईंसमोर भरून घेऊ नका, बाई शून्यच लिहील.

फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६. दिवसरात्र चालतं, पैसे लागत नाहीत, आणि आपल्याकडे महत्त्वाचं म्हणजे मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलता येतं.

औषधी_कपाट
आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांचं. हे गटांवर पाठवताना आवर्जून घ्या.

नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या (सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम) चालू असतील तर सिलोसायबिनचा परिणाम बोथट होतो. मग विक्रेता सांगतो, ‘ती गोळी बंद करा’. खरा घात इथे होतो. अचानक बंद केली की चक्कर, डोक्यात झिणझिण्या, रडू, आणि मूळ आजार उलटून येतो. लिथियम (बायपोलरचं औषध) चालू असेल तर झटके येण्याचा धोका. ट्रॅमाडॉल (गुडघेदुखीला सर्रास देतात) आणि लिनेझोलिड (चिवट क्षयरोगात देतात) या दोन्हींबरोबर सेरोटोनिन जास्त साचू शकतं. लक्षणं: ताप, दरदरून घाम, बुबुळं मोठी, पाय आपोआप थडथडणं. यात घरी थांबायचं नाही.

हृदयाच्या झडपांचाही प्रश्न आहे. सिलोसिन 5-एचटी-2बी या ग्राहीवरही बसतं. याच ग्राहीला वर्षानुवर्षं चेतवल्याने झडपा जाड होतात. फेनफ्लुरामिन हे वजन कमी करायचं औषध १९९७ मध्ये याच कारणाने बाजारातून गेलं. एकदा दिलेल्या डोसात हा मुद्दा लहान, पण रोजच्या कॅप्सूलमध्ये मोठा. आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या आणि ते माहीतच नसलेल्या बायका कमी नाहीत.

काळा_कोट
कायद्याचं थोडक्यात. सिलोसायबिन आणि सिलोसिन दोन्ही १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत आहेत. बाळगणं, विकणं, मागवणं, सगळं गुन्हा. कुरिअरच्या पाकिटावर नाव आणि पत्ता घेणाऱ्याचा असतो, विकणाऱ्याचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

‘केरळ हायकोर्टाने परवानगी दिली’ हा दुसरा मेसेजही फिरतोय. जानेवारी २०२५ मध्ये तिथे जामिनाच्या प्रकरणात कोर्ट म्हणालं की मशरूम हे ‘मिश्रण’ धरता येणार नाही, म्हणून संपूर्ण मशरूमचं नव्हे तर आतल्या सिलोसायबिनचं वजन बघायचं. हा वजनाचा वाद झाला. पदार्थावरची बंदी जिथल्या तिथे आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून परवानगी दिली ती ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना, औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी. पाळीच्या त्रासासाठी नाही.

कोणी खाल्लं असेल आणि त्रास होत असेल तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका, डॉक्टरांना खरं सांगा.

ज्वारी_कोठार
मेक्सिकोच्या स्त्रियांचं नाव घेतलंय म्हणून लिहिते. ओआहाका प्रांतातल्या माझातेक समाजात मारिया सबिना नावाच्या वैदू बाई होत्या. त्यांच्याकडे हे मशरूम रात्रीच्या विधीत, आजारी माणसासाठी, मंत्र म्हणत वापरायचे. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन नावाचा अमेरिकन बँकर तिथे बसला, १९५७ मध्ये त्याने लाइफ मासिकात लिहिलं, आणि मग गावात बाहेरच्यांची रीघ लागली. बाईंचं घर जाळलं गेलं. त्यांच्या परंपरेत रोज सकाळी चहाबरोबर घ्यायची कॅप्सूल कुठेच नाही. त्या बाईंचं नाव वापरून डबी विकणं मला फार लागतं.

आता डबीत खरं काय असतं? मशरूम वाळवून दळलं की डोळ्यांनी ओळखणं अशक्य. २०२४ मध्ये अमेरिकेत ‘मशरूम चॉकलेट’ खाऊन शंभरावर लोक आजारी पडले. तपासणीत मस्सिमॉल, प्रयोगशाळेत बनवलेलं सिलोसिनचं भावंड आणि प्रीगॅबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध निघालं. मस्सिमॉल लाल टोपीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या अमॅनिटा मशरूमचं, त्याचा सिलोसायबिनशी काही संबंध नाही. त्याने गुंगी, गोंधळ, झटके येतात.

आणि पावसाळ्यात उकिरड्यावर, शेणावर, वारुळाजवळ उगवलेल्या कुत्र्याच्या छत्र्या ‘हीच ती’ म्हणून कोणी दाखवल्या तर हात लावू नका. फोटोवरून ओळखणारी अॅप यात सपशेल चुकतात.

सिद्धेश्वर_पेठ
चुकून खाल्लंच तर? घरात पहिल्या तासात काय करायचं ते लिहा ना ताई.

ज्वारी_कोठार
आधी घड्याळ. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता पहिला त्रास झाला, दोन्ही वेळा लिहून काढा. तासा-तीन तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या तर बहुधा पोट बिघडवणारी जात असते, उदाहरणार्थ हिरवळीवर उगवणारी हिरव्या बीजाणूंची मोठी पांढरी छत्री. त्यात पाणी कमी होतं, सलाईन लागतं. पण सहा तासांनंतर किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे उलट्या-जुलाब सुरू झाले तर जास्त घाबरा. अमाटॉक्सिन हे काही मशरूममधलं जीवघेणं विष असं उशिरा काम करतं. पुढचा दिवस बरं वाटतं, लोक घरी नेतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत कोसळतं. बरं वाटलं म्हणून सुट्टी मागू नका. यकृताची तपासणी आणि रक्त गोठण्याची (पीटी-आयएनआर) तपासणी परत परत व्हायला हवी.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, शुद्ध हरपलेली असेल तर ते फुप्फुसात जातं. ताक, लिंबू, तूप, काहीही नको. उरलेलं मशरूम, सालं, शिजवलेली भाजीसुद्धा कागदाच्या पिशवीत घ्या; प्लास्टिकमध्ये घाम सुटून ते सडतं आणि ओळखता येत नाही. त्याच ताटातून खाल्लेल्या सगळ्यांना न्या, त्रास नसला तरी. १०८ लावा, सिव्हिल गाठा. डॉक्टरांना सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा केंद्र: १८०० ११६ ११७.

‘डी’ जीवनसत्त्वाचं मात्र मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, आणि त्यासाठी साधी धिंगरी (ऑयस्टर मशरूम) पुरते. मशरूममधल्या एर्गोस्टेरॉलवर उन्हातले अतिनील किरण पडले की ‘डी-२’ बनतं. बंद खोलीत वाढवलेल्या मशरूममध्ये ते जवळजवळ नसतं. धिंगरी सुटी करून, खालच्या पापुद्र्यांची बाजू वर, स्टीलच्या ताटात एकेरी थरात ठेवा. सोलापूरच्या उन्हात अकरा ते दोनच्या मध्ये अर्धा ते एक तास. शंभर ग्रॅमला साधारण १० मायक्रोग्रॅम मिळतं. आयसीएमआरने प्रौढांसाठी रोज १५ सांगितलेत. काचेच्या खिडकीआड ठेवलं तर शून्य, काच ते किरण अडवते. ढीग करून ठेवलं तर वरच्यालाच मिळतं. एप्रिल-मे मध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, चामड्यासारखं होतं. त्याच दिवशी शिजवा. मशरूममधून लोह भरून निघेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

तुतीची_पानं
लायन्स मेन या खायच्या मशरूमच्या कॅप्सूल तर कायदेशीर मिळतात. त्या चालतील का रजोनिवृत्तीच्या त्रासाला?

औषधी_कपाट
जपानमध्ये २०१० मध्ये एक छोटा अभ्यास झाला: ३० बायका, चार आठवडे, बिस्किटातून लायन्स मेन. चिंता आणि चिडचिड थोडी कमी दिसली. एवढ्यावर महिन्याला हजार-दोन हजार घालू नका. घ्यायचंच असेल तर डबीवर ‘फ्रूटिंग बॉडी’ (म्हणजे प्रत्यक्ष छत्री) लिहिलंय का बघा. ‘मायसेलियम’ (मशरूमचं मुळांसारखं जाळं) असेल तर त्यात ज्या धान्यावर ते वाढवलं त्याचं पीठही येतं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

सिद्धेश्वर_पेठ
वैशाखी मॅडम, मग पाळीच्या आधीच्या त्रासाला खरा उपाय काय? मेसेज पसरतोय कारण त्रास खरा आहे.

वैशाखी (स्त्रीरोग)
त्रास खरा आहे, आणि हा प्रश्न आधी यायला हवा होता. पाळी येणाऱ्या बायकांत साधारण ३ ते ८ टक्क्यांना तो इतका तीव्र असतो की घर, काम, नाती मोडतात. याला पीएमडीडी म्हणतात. हार्मोन जास्त-कमी नसतात, रक्ततपासणी नॉर्मल येते. प्रोजेस्टेरॉनपासून बनणाऱ्या एका द्रव्याला मेंदू वेगळा प्रतिसाद देतो. म्हणून ‘हार्मोन प्रोफाइल’वर पैसे घालू नका. टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ एवढं बघा, कारण थायरॉइड आणि रक्तक्षय हुबेहूब असाच त्रास देतात.

निदान होतं वहीवर. सलग दोन पाळ्यांची नोंद. रोज रात्री झोपण्याआधी चिडचिड, उदासी, चिंता, अचानक रडू, एकाग्रता, थकवा, भूक, झोप, सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटणं, सूज-दुखणं आणि कामातला रस यांना १ ते ६ गुण. १ म्हणजे अजिबात नाही, ३ सौम्य, ६ असह्य. रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला. स्राव थांबल्यापासून मोजायचं नाही, ही चूक सर्रास होते. मग दोन आठवडे ताडून बघायचे: पाळीच्या आधीचे सात दिवस आणि पाळीचा चौथा ते दहावा दिवस. आधीच्या आठवड्यात किमान दोन दिवस ४ किंवा वर, आणि नंतरच्या आठवड्यात ३ च्या वर एकही दिवस नाही, असं पाच लक्षणांत दिसलं, आणि त्यात चिडचिड, उदासी, चिंता किंवा रडू यांपैकी निदान एक असलं, तर पीएमडीडी धरतात. दोन्ही आठवड्यांत आकडे वरच असतील तर मूळ नैराश्य आहे आणि पाळीआधी ते वाढतंय. त्याचा उपचार वेगळा.

चार दिवसांचं एकदम आठवून भरलं तर वही फुकट. भांडण झालेल्या दिवसाचा रंग मागच्या सगळ्या दिवसांना लागतो.

गर्भाशय काढलं पण अंडाशयं ठेवली असतील (ऊसतोडीच्या बायकांत हे खूप दिसतं) तर पाळी दिसत नाही पण चक्र चालूच असतं. त्यांनी छाती भरून येण्याचे, दुखण्याचे दिवस खूण करायचे आणि तीन महिने लिहायचं.

मनपटल (मानसोपचार)
पुढचा उपचार मॅडम आणि मी मिळूनच करतो. सर्ट्रालिन ५० किंवा फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम, अपेक्षित पाळीच्या १४ दिवस आधीपासून रक्तस्राव सुरू होईपर्यंत. नैराश्यात या गोळीला तीन-चार आठवडे लागतात, पीएमडीडीत काही दिवसांतच फरक पडतो. म्हणून महिन्यातले निम्मे दिवस पुरतात. पहिल्या आठवड्यात मळमळ येते, जेवणानंतर घ्या. चिठ्ठीशिवाय दुकानातून आणू नका. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन चालत नाहीत, टॅमॉक्सिफेनचं काम अडतं. हे ऑन्कॉलॉजिस्टला विचारूनच.

वैशाखी (स्त्रीरोग)
ड्रोस्पिरेनोन असलेली गर्भनिरोधक गोळी (२४ दिवस औषध, ४ दिवस रिकाम्या) हा दुसरा रस्ता. पण डोळ्यांपुढे चमकत्या रेघा येऊन अर्धशिशी होत असेल तर अजिबात नाही, पक्षाघाताचा धोका. पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तरी नाही. मिश्री लावत असाल तर तेही सांगा, लाजू नका.

सौम्य त्रासाला कॅल्शियम. १९९८ च्या मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅमने तिसऱ्या चक्रापर्यंत लक्षणं ४८ टक्के कमी झाली, औषध नसलेल्या नुसत्या दिसायच्या गोळीने ३०. आहारातलं आधी मोजा: पाव लिटर दुधात साधारण ३००, उरलेलं गोळीतून, एका वेळी ५०० पर्यंतच. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह शोषलं जात नाही आणि बाई म्हणते, गोळ्या खाऊनही रक्त वाढेना. मुतखडा झालेला असेल तर आधी विचारा.

सुईदोरा
विडी घरकुल भागात आशाताईंबरोबर जाणाऱ्यांसाठी लिहिते. अकरा लक्षणांची वही तिथे टिकत नाही. दिवसाला हजार विड्या वळून रात्री कोण अकरा आकडे लिहिणार?

भिंतीवरचं कालनिर्णय वापरा. दुधाचा हिशोब त्यावर लिहिलेलाच असतो, त्याच चौकोनात खाली फक्त तीन आकडे: चिडचिड, रडू, झोप. लिहिता येत नसेल तर टिकल्या. सहा टिकल्यांचा कागद दाखवून आधी समजवा की एक म्हणजे काही नाही आणि सहा म्हणजे सहन होत नाही. रक्तस्रावाच्या दिवसांभोवती लाल पेनाने गोल. तेलुगू बोलणाऱ्या घरात सासूला नाही, सुनेलाच वेगळं घेऊन समजवा. सासू दुभाषी झाली की आकडे एकावर येतात. दोन महिन्यांनी ती दोन पानं फाडून डॉक्टरांकडे न्यायची.

वैशाखी (स्त्रीरोग)
सुईदोरा ताई, तीन आकड्यांवर पीएमडीडीचं पक्कं निदान होत नाही, पण कोणाला पूर्ण वही द्यायची हे बरोबर कळतं. चौथा आकडा कामाचा घ्या: त्या दिवशी नेहमीच्या किती विड्या झाल्या. तो आकडा कोणालाच आठवून लिहावा लागत नाही, कारखान्यात मोजलेला असतो.

सुईदोरा
हे चांगलं आहे. माल घेतानाच्या पुस्तकातून तो उतरवता येईल. येत्या सोमवारपासून तसंच करू. कागदाचा नमुना मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये तयार झाला की इथेच टाकते.